शिकारीच्या रायफलीतून लांब पल्ल्याची रायफल घडवताना: नवोदितांसाठी कामाचा क्रम

दुकानातून विकत आणलेली शिकारीची रायफल दोन-तीनशे यार्डांवरच्या हरणासाठी बनवलेली असते. ती खांद्यावर टाकून दिवसभर डोंगर चढता यावा म्हणून हलकी ठेवलेली असते, तिचे बॅरल (नळी) बारीक असते, स्टॉक, म्हणजे दस्ता, बहुधा साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा असतो, आणि तिने एका वेळी दोन-तीन गोळ्या नीट मारल्या की तिचे काम संपते. तीच रायफल सहाशे ते हजार यार्डांवरच्या पोलादी पाटीवर सातत्याने लागावी असे वाटू लागले, की नवा नेमबाज थेट नवे बॅरल, नवी चेसी (स्टॉकऐवजी वापरायची धातूची चौकट) आणि महागडा स्कोप (नेमाची दुर्बीण) यांच्या किमती पाहू लागतो. हा क्रम चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे. आज कारखान्यातून येणारे बॅरल बहुधा ज्या स्टॉकमध्ये ते बसवलेले असते त्याच्यापेक्षा पुष्कळ चांगले असते. अचूकता हरवते ती सुट्या भागांमध्ये कमी आणि भागांच्या सांध्यांमध्ये जास्त: रिसीव्हर, म्हणजे बॅरलमागचा मुख्य पोलादी भाग, जिथे स्टॉकमध्ये बसतो तिथे, स्कोप जिथे रिसीव्हरवर बसतो तिथे, आणि नेमबाजाचा गाल व खांदा जिथे स्टॉकला टेकतो तिथे. हे तीन सांधे आधी पक्के करावेत आणि बॅरलला सर्वांत शेवटी हात लावावा, या क्रमाने हा लेख लिहिला आहे.

हे काम प्रामुख्याने अमेरिकेतले आहे, आणि तिथे स्थायिक झालेल्या, रेंजवर जाऊ लागलेल्या मराठी वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून मी ते मांडत आहे. भारतात ते घरी करता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात फेरफार करण्याच्या व्यवसायाला परवाना लागतो, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नंतर शिकारही जवळजवळ पूर्णपणे बंद झाली आहे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या परवानाधारकाने कोणतेही काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. अमेरिकेतही एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला तिथल्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे बाळगण्याची सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि राज्य सरकारने दिलेला वैध शिकार परवाना हा त्या मनाईला असलेला प्रमुख अपवाद आहे. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणे हेही कायद्याच्या दृष्टीने बाळगणेच ठरू शकते, म्हणून व्हिसावर असलेल्या वाचकाने रायफलीच्या आधी परवान्याचा आणि आपल्या राज्याच्या कायद्याचा विचार करावा, आणि शंका असल्यास वकिलाला विचारावे. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट मनाई लागू नाही.

रायफल आणि काडतूस

या लेखात उदाहरण म्हणून मी रेमिंग्टन ७०० घेतली आहे. ती १९६२ मध्ये बाजारात आली आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या अचूक नेमबाजीचे मोजमाप तिच्यावरूनच ठरत आले आहे. तिचा रिसीव्हर गोल नळीसारखा असतो, त्यामुळे तो खरादावर घडवायला आणि स्टॉकमध्ये बसवायला सोपा जातो. आणि तिच्यासाठी स्टॉक, ट्रिगर, रेल (स्कोप बसवायची पट्टी) व मॅगझिन बनवणारे इतके कारखाने आहेत, की बर्गारा बी-१४ सारख्या नंतरच्या रायफलींनीही तिचेच माप स्वीकारले. सॅव्हेज ११०, टिका टी३एक्स किंवा रुगर अमेरिकन आधीच घरात असेल, तर रेमिंग्टनसाठी ती विकण्याचे कारण नाही. सॅव्हेजचे बॅरल मोठ्या नटाने अडकवलेले असते, म्हणून पुढे ते बदलणे स्वस्त पडते. टिकाचे बॅरल आणि ट्रिगर मुळातच उत्तम असतात, आणि तिच्यात बदलण्यासारखे फारसे काही नसते.

काडतुसाच्या बाबतीत दोनच नावे पुरेशी आहेत. ३०८ विंचेस्टर १९५२ पासून आहे, सर्वत्र मिळते, आणि त्याचे बॅरल पाच हजारांहून अधिक गोळ्या टिकते. ६.५ क्रीडमूर हे हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये मुद्दाम लांब पल्ल्याच्या लक्ष्यभेदासाठी आणले. त्याची लांबट, बारीक गोळी वारा चांगला कापते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा १७५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे लहान एकक) ३०८ गोळीला हजार यार्डांवर सुमारे नव्वद इंच बाजूला नेतो, तर १४० ग्रेनच्या ६.५ गोळीला सुमारे सत्तर इंच. शिवाय क्रीडमूरचा धक्का कमी असतो, आणि नव्या नेमबाजासाठी हे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण कमी धक्क्यामुळे त्याला आपली गोळी कुठे पडली हे स्कोपमधून स्वतः पाहता येते. मी नव्याने घेणाऱ्याला क्रीडमूरच सुचवेन. ३०८ आधीच हातात असेल, तर तिच्यावरच शिकावे.

रायफल घेण्यापूर्वी बॅरलचा पीळ, म्हणजे आतल्या नागमोडी खाचा किती इंचांत एक फेर घेतात ते, मात्र तपासावा. लांब, जड गोळीला स्थिर राहण्यासाठी जलद पीळ लागतो. क्रीडमूरमध्ये आठ इंचांना एक फेर असतो आणि तो पुरतो. ३०८ मध्ये बारा इंचांना एक फेर असलेले बॅरलही १७५ ग्रेनची गोळी सांभाळते. पण शिकारीसाठी बनलेल्या बहुतेक २४३ विंचेस्टर काडतुसाच्या रायफलींचा पीळ नऊ-दहा इंचांना एक असा मंद असतो, आणि त्यातून १०५ ग्रेनच्या लांबट गोळ्या स्थिर जात नाहीत. अशा रायफलीवर केलेला स्टॉक आणि ट्रिगरचा खर्च पुढे अडून राहतो. पीळ मोजण्यासाठी मोकळी फिरणारी मूठ असलेल्या सफाईच्या सळईवर घट्ट कापड लावून ती बॅरलमध्ये ढकलावी, सळईवर खूण करावी, आणि खूण पूर्ण एक फेरा फिरून वर येईपर्यंत सळई किती इंच आत गेली ते पाहावे.

आधी मोजमाप

काहीही बदलण्यापूर्वी रायफल आहे तशी काय करते ते कागदावर उतरवावे. बॅरल स्वच्छ करावे, स्टॉकचे दोन्ही मुख्य स्क्रू आणि स्कोपचे सर्व स्क्रू ढिले नाहीत ना ते पाहावे, आणि एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, दर्जाच्या काडतुसांचे काही डबे घ्यावेत. ३०८ साठी फेडरलचे १७५ ग्रेनचे गोल्ड मेडल आणि क्रीडमूरसाठी हॉर्नडीचे १४० ग्रेनचे ईएलडी मॅच ही जुनी, भरवशाची निवड आहे. शंभर यार्डांवर, पुढे व मागे पिशवीचा आधार देऊन, पाच-पाच गोळ्यांचे किमान दोन गट मारावेत आणि ते एकाच केंद्रावर एकत्र धरून मोजावेत. तीन गोळ्यांच्या गटावर कधीही विश्वास ठेवू नये. तीन गोळ्या योगायोगानेही एकमेकींना चिकटतात, आणि त्या एका कागदाच्या जोरावर लोक पुढचे अनेक महिने चुकीच्या दिशेने पैसे घालतात. बारीक बॅरल लवकर तापते, म्हणून दोन गोळ्यांमध्ये थांबावे आणि बॅरल हाताला ऊन लागू लागले की ते निवू द्यावे.

मापाची एकके दोन आहेत. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक एमओए, आणि तो शंभर यार्डांवर १.०४७ इंच भरतो. दुसरे एकक मिल. एक मिल शंभर यार्डांवर ३.६ इंच आणि शंभर मीटरांवर बरोबर दहा सेंटिमीटर भरतो. मेट्रिक मापांवर वाढलेल्या आपल्या लोकांना मिल जास्त सोयीचा वाटतो असा माझा अनुभव आहे. दहा गोळ्यांचा गट दीड एमओएच्या आत असेल, तर कारखान्याचे बॅरल चांगले आहे असे समजावे. तो दोन-अडीच एमओए असेल आणि गोळ्या तापमानाबरोबर एकाच दिशेने सरकत असतील, तर बॅरल स्टॉकला टेकते आहे अशी शंका घ्यावी. यानंतरचा प्रत्येक बदल एका वेळी एकच करावा आणि त्यानंतर हीच चाचणी पुन्हा घ्यावी. एकाच दिवशी स्टॉक, ट्रिगर आणि स्कोप बदलला, तर सुधारणा कशाने झाली किंवा बिघाड कुठून आला हे कधीच कळत नाही.

रिसीव्हर आणि स्टॉक यांचा सांधा

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. काडतूस पेटते तेव्हा रिसीव्हर मागे रेटला जातो, आणि रेमिंग्टनमध्ये तो जोर बॅरल व रिसीव्हर यांच्यामध्ये पकडलेल्या पोलादी चकतीच्या खाली उतरलेल्या भागातून, म्हणजे रिकॉइल लगमधून, स्टॉकमध्ये जातो. लग आणि स्टॉक यांच्यात फट असेल किंवा रिसीव्हर खाली एका बाजूला अधांतरी असेल, तर प्रत्येक गोळीनंतर रायफल किंचित वेगळ्या जागी येऊन बसते. कुऱ्हाडीचे पाते कितीही धारदार असले तरी दांडा ढिला असेल तर घाव एका जागी पडत नाही, तसेच हे आहे.

कामाला बसण्यापूर्वी बोल्ट (मागून बॅरल बंद करणारा सरकता दांडा) काढून चेंबर (बॅरलमधली काडतुसाची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री करावी, आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. हा नियम यापुढच्या प्रत्येक कामाला लागू आहे.

प्रथम बॅरल मोकळे आहे का ते पाहावे. दुहेरी घडी घातलेला नोटेचा कागद बॅरल आणि स्टॉकच्या पुढच्या भागामधून रिसीव्हरपर्यंत सहज सरकला पाहिजे. रेमिंग्टनच्या अनेक साध्या मॉडेलांमध्ये स्टॉकच्या टोकाशी मुद्दाम एक उंचवटा ठेवलेला असतो, जो बॅरलला खालून वर रेटतो. शिकारीच्या दोन-तीन गोळ्यांसाठी तो चालतो, पण टेकूवर ठेवून सलग गोळ्या मारताना त्याचा दाब बदलत राहतो. तो घासून टाकण्यापूर्वी एक तपासणी करावी: रिकॉइल लगच्या मागे, पुढच्या स्क्रूभोवती, खेळण्याच्या जुन्या पत्त्याच्या तुकड्यांची बारीक पट्टी घालून रिसीव्हर थोडा उचलावा, म्हणजे बॅरल तात्पुरते मोकळे होते, आणि मग गट मारून पाहावा. गट सुधारला तर सँडपेपर गुंडाळलेल्या गोल काठीने बॅरलची खाच रुंद करावी. टेकूवर भार दिल्यावरही स्टॉक बॅरलला शिवणार नाही एवढी जागा ठेवावी.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो. स्टॉक लाकडी, लॅमिनेटेड किंवा फायबरग्लासचा असेल तर त्याला इपॉक्सीचे बेडिंग करणे, म्हणजे रिसीव्हरखाली त्याच्याच आकाराची घट्ट बैठक ओतणे, योग्य आहे. तो साच्यात ओतलेल्या पोकळ प्लास्टिकचा असेल, तर त्यावर श्रम घालू नयेत असे मी स्पष्ट सांगतो. त्या प्लास्टिकला इपॉक्सी नीट धरत नाही, आणि बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) भार दिला की त्याचा पुढचा भाग वाकून बॅरलला टेकतो. अशा वेळी ॲल्युमिनियमचा गाभा असलेला बेल अँड कार्लसन किंवा एच-एस प्रिसिजनचा स्टॉक, मॅगपुलचा हंटर ७००, किंवा केआरजी व एमडीटी यांच्यासारख्यांची चेसी घ्यावी. या एका बदलाने कारखान्याच्या बॅरलमधून जे बाहेर येते ते पाहून पुष्कळ जण बॅरल बदलण्याचा विचार सोडून देतात.

बेडिंग करायचेच ठरले, तर ते घाईने करू नये. स्टॉकमध्ये ज्या जागी रिसीव्हर टेकतो तिथला थर खरवडून खडबडीत करावा आणि इपॉक्सीला पकड मिळावी म्हणून लहान, उथळ भोके पाडावीत. दोन्ही स्क्रूंच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या, म्हणजे पिलर, बसवाव्यात, जेणेकरून स्क्रू आवळताना लाकूड दबणार नाही. स्क्रू या नळीच्या भिंतीला कुठेही घासता कामा नये. रिकॉइल लगच्या पुढच्या बाजूला, दोन्ही कडांना आणि तळाला चिकटपट्टीचे एक-दोन थर द्यावेत, पण मागच्या बाजूला पट्टी लावू नये, कारण जोर घेणारी बाजू तीच आहे आणि तिथे इपॉक्सी थेट टेकली पाहिजे. ट्रिगरची जागा, पिनांची छिद्रे, बोल्टची खाच, जिथे जिथे इपॉक्सी शिरून अडकू शकेल तिथे मुलांच्या खेळातली मऊ माती दाबून भरावी. मग रिसीव्हरच्या, लगच्या, चिकटपट्टीच्या आणि स्क्रूंच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुटी करणारे द्रावण किंवा बुटाचे मेणाचे पॉलिश दोन वेळा लावून वाळवावे. एखादी जागा सुटली, किंवा एखादी खाच भरायची राहिली, तर रायफल आणि स्टॉक कायमचे एकमेकांना चिकटतात, म्हणून हे काम दिवसाच्या उजेडात करावे आणि इपॉक्सी कालवण्यापूर्वी सर्व पृष्ठभाग पुन्हा एकदा पाहावेत.

डेव्हकॉन, मरीन-टेक्स किंवा ब्राउनेल्सचे ॲक्राग्लास यांपैकी कोणतेही इपॉक्सी दिलेल्या प्रमाणात सावकाश, बुडबुडे न येऊ देता कालवावे आणि लगच्या खाचेत आधी भरावे. रिसीव्हर सरळ खाली बसवावा, बॅरलवर गुंडाळलेल्या टेपच्या थरांनी ते खाचेच्या मध्यभागी राहील असे पाहावे, आणि त्याला जागेवर धरण्यासाठी रबरी पट्टी हलकेच गुंडाळावी. स्क्रू पिळून आवळू नयेत. आवळले तर रिसीव्हर वाकलेल्या स्थितीत इपॉक्सी घट्ट होते आणि तो ताण पुढे कायम राहतो. कडांवरून बाहेर आलेले इपॉक्सी ओले असतानाच पुसावे आणि सारे एक दिवस हलवू नये. दुसऱ्या दिवशी बॅरलवर प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोके देत रिसीव्हर सोडवावा.

काम नीट झाले की नाही हे कळायला सोपी परीक्षा आहे. रायफल जोडून दोन्ही स्क्रू आवळावेत, एक बोट बॅरल आणि स्टॉकच्या सांध्यावर ठेवावे, आणि पुढचा स्क्रू सोडावा व पुन्हा आवळावा. बोटाला काही हालचाल जाणवली तर रिसीव्हर अजून ताणात आहे. काही जाणवले नाही तर सांधा पक्का आहे. स्क्रू नेहमी मोजपट्टी असलेल्या टॉर्क पान्याने आवळावेत. ॲल्युमिनियमच्या गाभ्यावर किंवा चेसीवर साधारण ६५ इंच-पाउंड चालतात, पिलर नसलेल्या लाकडावर बरेच कमी, आणि स्टॉक बनवणाऱ्याने दिलेला आकडा असेल तर तोच पाळावा. नवा स्टॉक घेतल्यावर पुढचा स्क्रू जरा लांब पडला, तर त्याचे टोक आत येऊन बोल्टच्या लगला घासते, म्हणून बोल्ट पूर्ण मोकळा बंद होतो ना हे लगेच पाहावे.

ट्रिगर

ट्रिगरच्या बाबतीत कमी बोलून जास्त काळजी घ्यावी. रेमिंग्टनने २०१४ मध्ये आपल्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली परत मागवल्या होत्या, कारण तो ठरावीक परिस्थितीत न ओढताही सुटू शकत होता. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली त्यात येत होत्या, आणि त्याआधीच्या जुन्या ट्रिगरविषयीही न्यायालयीन तडजोड झालेली आहे. वापरलेली ७०० विकत घेणाऱ्याने तिचा क्रमांक व ट्रिगर गनस्मिथकडून (बंदूक-कारागिराकडून) तपासून घेतल्याशिवाय तीत काडतूस घालू नये.

कारखान्याच्या ट्रिगरचे आतले भाग घासून किंवा पॉलिश करून हलका ट्रिगर मिळवण्याचा प्रयत्न नवोदिताने करू नये. टिम्नी किंवा ट्रिगरटेकचा पूर्ण तयार ट्रिगर दोन पिना काढून बसवता येतो, आणि तो कारखान्यातच जुळवलेला असतो. जी रायफल शिकारीलाही जाणार आहे, तिच्या ट्रिगरची ओढ दोन पाउंडांखाली नेऊ नये. थंडीत, जाड हातमोज्यांत त्याहून हलका ट्रिगर धोक्याचा ठरतो. बसवल्यावर रिकाम्या चेंबरवर पुढील चाचण्या घ्याव्यात: सेफ्टी लावून ट्रिगर जोरात ओढावा, सोडावा, मग सेफ्टी काढावी, आणि फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी पिन) सुटता कामा नये, बोल्ट पुन्हा पुन्हा जोराने बंद करावा, आणि चेंबर रिकामेच ठेवून फायरिंग पिन ताणलेली (कॉक केलेली) असताना स्टॉकवर रबरी हातोडीने सर्व बाजूंनी ठोके द्यावेत. यांपैकी एकाही वेळी पिन सुटली तर ट्रिगर काढून गनस्मिथकडे न्यावा.

शरीर आणि स्टॉक यांचा सांधा

शिकारीच्या स्टॉकची पाठ बहुधा साध्या लहान स्कोपच्या उंचीला जुळवलेली असते. मोठ्या भिंगाचा स्कोप वर चढला की गाल हवेत राहतो, आणि मान ताणून पाहताना डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो. त्यामुळे पालथे झोपावे, डोळे मिटून गाल आरामात टेकवावा, आणि मग डोळे उघडावेत. स्कोपमधले चित्र पूर्ण, कडांना काळी सावली नसलेले दिसले पाहिजे. सावली खाली दिसली तर गालाखाली उंची वाढवावी; त्यासाठी पट्ट्याने बांधायची गादी पुरते, आणि हा या सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त पण फार मोठा फरक पाडणारा बदल आहे.

कारखान्याच्या स्टॉकची लांबी, म्हणजे ट्रिगरपासून खांद्याच्या गादीपर्यंतचे अंतर, साधारण साडेतेरा इंच असते. ते अमेरिकी पुरुषाच्या बांध्याला धरून ठरवलेले आहे. आपल्या घरातल्या अनेक स्त्रियांना आणि मध्यम उंचीच्या पुरुषांना ते लांब पडते, विशेषतः पालथे झोपल्यावर. चेसीमध्ये ही लांबी पट्ट्या घालून किंवा काढून बदलता येते, आणि चेसीच्या बाजूने माझे हे सर्वांत जोरदार कारण आहे. पुढे हॅरिस किंवा ॲटलसचा बायपॉड आणि मागे हाताने दाबता येणारी वाळूची लहान पिशवी एवढे पुरे. शरीर रायफलीच्या सरळ मागे ठेवावे. तिरके झोपलेल्या नेमबाजाची रायफल धक्क्यानंतर बाजूला उडते आणि गोळी कुठे लागली ते त्याला दिसत नाही.

या सगळ्यामुळे वजन वाढते. शिकारीची सात पाउंडांची रायफल बारा-तेरा पाउंडांवर जाऊ शकते. ती अजूनही एल्कच्या (मोठ्या अमेरिकी हरणाच्या) शिकारीला डोंगरात न्यायची असेल, तर चेसीऐवजी हलका फायबरग्लासचा स्टॉक घ्यावा.

स्कोप आणि त्याचे बसणे

हजार यार्डांवर ३०८ च्या १७५ ग्रेनच्या गोळीसाठी शंभर यार्डांच्या झिरोपासून (जिथे नेम आणि गोळी एकाच जागी येतात त्या जुळणीपासून) सुमारे ३८ ते ४० एमओए वर जावे लागते, क्रीडमूरसाठी सुमारे तीस. आता समजा स्कोपची उभी हालचाल एकूण साठ एमओए आहे. सपाट रेलवर शंभर यार्डांला झिरो केला की हालचालीच्या साधारण मध्यभागी आपण असतो, म्हणजे वर केवळ तीस एमओए उरतात, आणि ३०८ हजार यार्डांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून पुढे किंचित उतार असलेला वीस एमओएचा रेल बसवावा. तो ती वाया जाणारी खालची हालचाल वर आणून देतो आणि सुमारे पन्नास एमओए हाती येतात. नव्या नेमबाजाने पहिल्याच खरेदीत हा रेल घ्यावा.

रेल बसवताना रिसीव्हरची छिद्रे तेलमुक्त करावीत आणि स्क्रूंवर कमी ताकदीचा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) लावावा. सर्वांत पुढचा स्क्रू लांब असेल तर त्याचे टोक बॅरलच्या आट्यांना टेकते, रेल घट्ट झाल्यासारखा वाटतो पण तो रिसीव्हरवर बसलेलाच नसतो. रेल नसतानाची आणि असतानाची स्क्रूची खोली पाहूनच हे कळते. स्कोपच्या कड्यांच्या वरच्या स्क्रूंना साधारण १५ ते १८ इंच-पाउंड पुरतात, त्याहून जास्त आवळल्यास स्कोपची नळी चेपते. स्कोपचे रेटिकल (आत दिसणाऱ्या नेमाच्या रेघा) ओळंब्याशी जुळवावे, कारण तिरका स्कोप लांब अंतरावर प्रत्येक क्लिकबरोबर गोळीला बाजूलाही नेतो.

स्कोप घेताना वाढीव झूमपेक्षा मोकळ्या फिरणाऱ्या, खूण असलेल्या टरेट घुंड्यांना, झिरो स्टॉपला (घुंडी झिरोवर थांबवणाऱ्या अडकणीला), पॅरलॅक्सच्या (अंतरानुसार चित्र जुळवणाऱ्या) घुंडीला आणि पहिल्या प्रतलातल्या, म्हणजे झूमबरोबर लहान-मोठ्या होणाऱ्या, मिल रेटिकलला पैसे द्यावेत. सहा ते अठरा किंवा पाच ते पंचवीस पट एवढे पुरेसे आहे. बसवल्यावर त्याची परीक्षा घ्यावी: शंभर यार्डांवर उंच कागदावर ओळंब्याने उभी रेघ आखावी, खाली एक गट मारावा, मग घुंडी दहा मिल वर फिरवून तिथेच नेम धरून दुसरा गट मारावा. दोन गटांमधले अंतर बरोबर छत्तीस इंच आणि रेघेवरच आले पाहिजे. फरक सातत्याने एकाच प्रमाणात असेल तर त्याची नोंद करून गणितात धरता येतो. परत खाली आल्यावर झिरोच बदलला असेल, तर तो स्कोप परत करावा.

वेग, वारा आणि नोंदवही

काडतुसाच्या डब्यावर छापलेला वेग हा कारखान्याच्या लांब चाचणी बॅरलचा असतो. आपल्या बॅरलमधला वेग क्रोनोग्राफने (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) मोजावा. तो गोळीगणिक किती बदलतो हेही पाहावे, कारण ३०८ मध्ये तीस फूट प्रति सेकंदाचा फरक हजार यार्डांवर सुमारे दहा इंच वर-खाली दाखवतो. हा वेग, गोळीचा बॅलिस्टिक कोएफिशंट (ती हवा किती चांगली कापते याचा आकडा), हवेचा दाब व तापमान हे बॅलिस्टिक ॲपमध्ये घालून पाचशे-सहाशे यार्डांवरची पाटी मारावी, आणि प्रत्यक्ष लागलेली उंची व ॲपची उंची यांत फरक आला तर ॲपमधला वेग थोडा बदलून जुळवून घ्यावा. तिथून पुढे दोनशे यार्डांच्या टप्प्यांनी जावे. ३०८ ची १७५ ग्रेनची गोळी समुद्रसपाटीच्या हवेत हजार यार्डांच्या आसपास ध्वनीच्या वेगाजवळ येते आणि तिची वाट अनिश्चित होऊ लागते; कोलोरॅडो किंवा न्यू मेक्सिकोच्या उंचीवर, रॅटनजवळच्या व्हिटिंग्टन सेंटरसारख्या रेंजवर, तीच गोळी विरळ हवेमुळे बरीच पुढेपर्यंत नीट जाते. स्वतः काडतुसे भरण्याचे काम या टप्प्यानंतर, प्रकाशित मापांप्रमाणे आणि जाणत्या माणसाशेजारी बसून शिकावे.

प्रत्येक सत्राची तारीख, तापमान, काडतुसाचा लॉट, लावलेली उंची, धरलेला वारा आणि बॅरलमधून आजवर गेलेल्या गोळ्यांची संख्या वहीत लिहावी. ही संख्या नव्या बॅरलची वेळ सांगते. क्रीडमूरचे बॅरल साधारण दोन ते तीन हजार गोळ्यांनंतर चेंबरपुढच्या घशात झिजते: वेग घटतो, गट पसरतो, आणि स्क्रू, बेडिंग व स्कोप पुन्हा तपासूनही तो सुधारत नाही. बॅरलवर खर्च करायचा तो तेव्हा. चोवीस किंवा सव्वीस इंचांचे, मध्यम जाड, टोकाला ५/८-२४ (५/८ इंच व्यास, इंचाला २४) आटे पाडलेले बॅरल निवडावे. टोकाला मझल ब्रेक (वायू बाजूला वळवणारा तुकडा) लावल्यास धक्का खूप कमी होतो, पण आवाज असह्य वाढतो, म्हणून कानात बोळे आणि वर इअरमफ असे दोन्ही घालावे. बॅरल सोळा इंचांहून आखूड कधीही करू नये. अमेरिकेच्या १९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याखाली ती वेगळ्या वर्गात जाते.

नवे बॅरल गनस्मिथकडून बसवून घेणे सर्वांत सुरक्षित. सॅव्हेजवर, किंवा नट असलेले तयार बॅरल घेऊन रेमिंग्टनवर, ते घरीही बसवता येते, पण त्यासाठी रिसीव्हरचा पाना, बॅरलचा शिकंजा आणि आपल्या काडतुसाचे गो व नो-गो असे दोन्ही गेज (चेंबरची लांबी तपासायची पोलादी मापे) असलेच पाहिजेत. बोल्टमधली फायरिंग पिन, तिची स्प्रिंग आणि इजेक्टर (रिकामे काडतूस बाहेर फेकणारा भाग) काढून, केवळ बोटांच्या हलक्या जोरावर, गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि नो-गो गेजवर होता कामा नये. नो-गोवर तो बंद झाला, तर नट सोडून जुळणी पुन्हा करावी, आणि दुसऱ्यांदाही तेच झाले तर त्या रायफलीत काडतूस न घालता ती गनस्मिथकडे न्यावी.